गाडी बाद झाली, गाडीवानाचं काय?

महाराष्ट्रातल्या बैलगाडी शर्यतींची पंच मंडळी आणि यात्रा कमिट्या यांना,



हे पत्र तुमच्यापैकी एखाद्या ओळखीच्या पंचाला खासगीतही पाठवता आलं असतं. उघड लिहितोय, कारण यातला प्रश्न कुणा एका मैदानाचा नाही. दोरीबाहेर उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या आम्हा शौकिनांचाही त्यात वाटा आहे.

सेमीचा गट सुटतो. एक छकडा आपली वाट सोडून शेजारच्या गाडीवर चढतो. शेजारची जोडी बुजते, चाकाला चाक लागतं, त्या गाडीचा गाडीवान खाली येतो. धुरळा बसेपर्यंत कुणाला काही दिसत नाही. मग तुम्ही निकाल देता, चूक करणारी गाडी बाद होते. मालकाचं बक्षीस गेलं, बैलांची वर्षभराची खुराकी आणि मेहनत मातीत गेली. आणि ज्याच्या हातात कासरा होता तो? तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मैदानावर, दुसऱ्याच मालकाच्या गाडीवर उभा असतो. असं का झालं हे त्याला कुणी विचारलेलं नसतं, आणि चूक खरंच त्याची होती का हेही कुणी ठरवलेलं नसतं. जो गाडीवान निर्दोष असतो तोही बिचारा तसाच जातो, अंगावर कुजबुज घेऊन.

मी मूळचा खटाव तालुक्यातला, सध्या न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला राहतो. बैलगाडीचा नाद ज्याला लहानपणी लागला त्याला परदेशातही चाकाची शर्यत शोधावी लागते, आणि इथं ती शोधायला लांब जावं लागत नाही. शहरातच ॲडिंग्टन नावाचं मैदान आहे. तिथं घोडे गाडीला जुंपून पळवतात. या खेळाला हार्नेस रेसिंग म्हणतात. दर नोव्हेंबरात इथं न्यूझीलंड ट्रॉटिंग कप होतो, ३२०० मीटरचा. १९०४ पासून चालत आलेला. त्या दिवशी निम्मं शहर ठेवणीतले कपडे घालून तिथं असतं. पुसेगावच्या यात्रेत फेटे दिसतात तशा इथं टोप्या दिसतात, एवढाच काय तो फरक, असं पहिल्यांदा वाटलं होतं. फरक आणखी बराच आहे, आणि त्यातला एक तुमच्या कानावर घालायचा म्हणून हा खटाटोप.

आधी खेळ समजून घ्या. गाडी म्हणजे दोन चाकं, दोन दांड्या आणि एक बैठक. तिला सल्की म्हणतात. गाडीवान घोड्याच्या अगदी पाठीशी, पाय पुढं पसरून बसतो, घोड्याची शेपटी जवळजवळ त्याच्या मांडीवर. घोडे स्टँडर्डब्रेड जातीचे. यांना चौखूर उधळायची परवानगी नाही. काही शर्यतींत घोड्यानं तिरक्या जोडीनं पाय टाकायचे, काहींत एका अंगाचे दोन्ही पाय एकदम. चाल मोडून घोडा उधळला, तर गाडीवानानं त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं, आणि तोवर बाकीचे निघून जातात. वेग म्हणाल तर मैल अंतर १ मिनिट ५५ सेकंदांत कापणं ही आता कुणी तोंडात बोट घालावं अशी गोष्ट राहिलेली नाही. १९०६ साली अमेरिकेतल्या डॅन पॅच या घोड्यानं याच्या आसपासची वेळ दिली तेव्हा त्याची कीर्ती देशभर झाली होती. हिशेब केला तर ताशी पन्नास किलोमीटर होतात. म्हणजे अर्ध्या सेकंदात सात मीटर.

आणि हे सगळं घोळक्यात. आपल्याकडं प्रत्येक गाडीला तिची वाट आखून दिलेली असते, पल्ला सरळ असतो. इथं तसं नाही. मैदान गोल, वाटा आखलेल्या नाहीत, दहा-बारा गाड्या सुटल्या की सगळ्यांना आतली बाजू हवी, कारण तिथं अंतर कमी पडतं. मागच्या घोड्याचं तोंड पुढच्या गाडीवानाच्या खांद्याशी येतं, टाप चाकापासून वीतभर लांब असते. चाकांच्या आऱ्यांत खूर अडकू नये म्हणून त्यांवर चकत्या बसवलेल्या असतात. अशा जागी एक गाडी हातभर बाहेर सरकली तरी मागच्या तीन-चार गाड्यांचा खेळ बिघडतो.

म्हणून या लोकांनी नियमांत निष्काळजी हाकण्याला स्वतंत्र गुन्हा केलं आहे. ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. आपल्या मैदानावर काही घडलं की आपण दोनच गोष्टी म्हणतो. एक तर ‘जनावर आहे, नशीब म्हणायचं’, नाहीतर ‘मुद्दाम केलं, पैसे खाल्ले’. या दोन टोकांच्या मधे जी मोठी जागा आहे तिथं आपण कधी थांबतच नाही. बहुतेक खऱ्या चुका मात्र त्याच जागेत घडतात: मागं न बघता वळणं, जोडी भरकटतेय हे दिसत असूनही हाकतच राहणं, जागा नाही हे कळूनही घुसणं. हे करणारा माणूस लबाड नसतो आणि जे झालं ते नशीबही नसतं. त्या क्षणी एखादा बऱ्यापैकी गाडीवान जेवढी काळजी घेईल तेवढी त्यानं घेतली नाही, एवढंच. धोका समजूनसवरून पत्करला तर तो बेदरकारपणा, त्याचं कलम वेगळं. जिंकायचा प्रयत्नच केला नाही तर त्याचं त्याहून वेगळं. प्रत्येकाची शिक्षा आपापली.

आता चौकशी कशी होते ते जरा सविस्तर सांगतो, कारण खरी गोम तिथंच आहे.

एक नमुना घेऊ. घडलेला म्हणून नव्हे, समजायला सोपा म्हणून. शेवटचं वळण आहे. आतल्या खुंट्यांना लागून एक गाडी अडकली आहे. पुढचा घोडा दमलाय, बाहेरून दुसऱ्या घोड्यानं वाट धरलीय. गाडीवानाच्या हाताखाली ताजा घोडा आहे आणि त्याला बाहेर पडायचं आहे. बाहेरच्या घोड्याची मान जराशी मागं पडल्यासारखी वाटते. हा लगाम ओढून गाडी बाहेर घालतो. बाहेरच्या घोड्याचा पुढचा पाय याच्या चाकाला लागतो, त्याची चाल मोडते, त्याच्या मागच्या गाडीवानाला लगाम खेचून घोडा थोपवावा लागतो. पडत कुणी नाही. आपला गाडीवान दुसरा येतो.

शर्यतीवर लक्ष ठेवायला स्टुअर्ड असतात. ते पगारी, पूर्णवेळ. कुणाचा घोडा त्यांच्या तबेल्यात नसतो, बक्षिसाशी त्यांचा संबंध नसतो. आधी निकालाचा प्रश्न पुढं येतो: या गाडीमुळं मागं पडलेला घोडा एरवी पुढं आला असता का? आला असता असं ठरलं, तर चूक करणाऱ्या घोड्याचा क्रमांक खाली जातो. इथवर आपल्या ‘बाद’सारखंच आहे. पण त्यांच्याकडं गोष्ट इथं संपत नाही. गाडीवानाचा दोष होता का, हा वेगळा प्रश्न वेगळा चालतो. घोड्याचा क्रमांक गेला म्हणून गाडीवान दोषी ठरत नाही, आणि क्रमांक राहिला म्हणून सुटतही नाही. आपण हे दोन प्रश्न एकाच झेंड्याखाली आणतो आणि दुसरा हरवून बसतो.

दुसऱ्या प्रश्नासाठी स्टुअर्ड लेखी आरोप ठेवतात: अमुक शर्यत, अमुक ठिकाण, अमुक नियम, काय केलं. गाडीवानाला विचारतात, मान्य आहे की नाही? आणि आता नीट लक्ष द्या: आरोप ठेवणारे स्टुअर्ड स्वतः निवाडा करत नाहीत. निवाडा करायला वेगळी, स्वतंत्र समिती असते. तिच्यापुढं स्टुअर्ड एक बाजू मांडतात, गाडीवान दुसरी. समोरून घेतलेलं चित्रण लावतात, बाजूनं घेतलेलं लावतात, थांबवून, हळू करून, पुन्हा पुन्हा. प्रश्न अगदी बारीक असतात. बाहेर वळण्याआधी मान वळवून बघितलंस का? बघितलंस तेव्हा त्याचा पाय तुझ्या चाकाच्या पुढं होता की मागं? घोडा आपसूक सरकला की तू सरकवलास? सरकतोय हे कळल्यावर तू आवरलंस की हाकतच राहिलास?

या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळ काही अवलंबून असतं. कारण इथल्या गाडीवानाचा बचावही आपल्या ओळखीचाच असतो: घोडाच आत ओढत होता, बाहेरचाच माझ्यावर आला, मला जागा दिली नाही. समिती तो हसण्यावारी नेत नाही. बाहेरचा घोडा खरंच आत झुकलाय का, हे समोरच्या चित्रणात तपासते. गाडीवानाला साक्षीदार आणता येतो, स्टुअर्डांना उलट प्रश्न विचारता येतात. जनावर काय करेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, हे सगळ्यांना मान्य असतं. विचारलं जातं ते एवढंच, की जनावरानं तसं केल्यावर माणसानं काय केलं.

आरोप शाबित झाला तर पुढं शिक्षा. त्याआधी निष्काळजीपणाची प्रत ठरवतात: कमी, मध्यम की गंभीर. शिक्षा कुठून मोजायला सुरुवात करायची याचं छापील मार्गदर्शन असतं, त्यामुळं ओळखीच्याला एक आणि परक्याला एक असं सहसा होत नाही, झालं तर दिसतं. गाडीवानानं चूक आधीच कबूल केली असेल तर सूट. त्याची आजवरची नोंद बघतात, आणि तीही नुसती ‘किती वेळा चुकला’ अशी नव्हे, तर किती शर्यती हाकल्या आणि त्यांत किती वेळा चुकला अशी. हंगामात शेकडो गाड्या हाकून एकदाच चुकलेल्याला आणि पाचपंचवीस हाकून तीनदा चुकलेल्याला एका मापानं मोजायचं नाही. मग दंड, किंवा काही दिवस शर्यतबंदी. शेवटी कारणांसह लेखी निर्णय, जो कुणालाही वाचता येतो. न पटल्यास वर अपील.

हे निर्णय वाचायची मला सवय लागली आहे. बहुतेक रुक्ष असतात. पान-दोन पानं: कोण काय म्हणालं, चित्रणात काय दिसलं, म्हणून काय ठरलं. पण त्यात गाडीवानाचं म्हणणं त्याच्या बाजूनं नोंदलेलं असतं, अगदी ते फेटाळलं गेलं असलं तरी. हरलेल्या माणसाची बाजूही कागदावर राहते, हे मला कुठल्याही दंडापेक्षा मोठं वाटतं. आणखी एक गोष्ट: दोषी ठरवतानासुद्धा भाषा तापत नाही. ‘पुरेसं अंतर नसताना बाहेर सरकला’, बस्स. आपल्याकडं त्याच गोष्टीवर दोन गावांची मोबाइलवर आठवडाभर लढाई चालते.

ही व्यवस्था आकाशातून पडलेली नाही. न्यूझीलंडमध्ये २०२० साली शर्यत उद्योगासाठी नवा कायदा झाला, त्याखाली १ जुलै २०२१ पासून रेसिंग इंटेग्रिटी बोर्ड काम करू लागलं. त्याआधी तपास करणारी संस्था वेगळी आणि निवाडा करणारी वेगळी होती. आता दोन्ही एका छपराखाली आहेत, पण निवाडा करणारी समिती स्वतंत्रच ठेवली आहे. शेजारच्या ऑस्ट्रेलियात निराळी रीत. तिथं निष्काळजी हाकण्याचा नियम आहेच, पण शर्यतीच्या दिवशी स्टुअर्डच चौकशी करतात, आरोपही तेच ठेवतात आणि शिक्षाही तेच सुनावतात. पटलं नाही तर पुढं दाद मागायची. व्हिक्टोरिया राज्यात त्यासाठी २०१९ पासून वेगळं न्यायाधिकरण आहे. काम झटपट होतं, हे खरं. पण ज्यानं बोट दाखवलं त्यानंच निकाल द्यावा हे मला पटत नाही, आणि छोट्या गावात तर ते मुळीच चालणार नाही. आपण घ्यायचं तर न्यूझीलंडचं घ्यावं.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं समजू नका. एका गोष्टीवर माझं इथल्या लोकांशी जमत नाही. निष्काळजीपणाची शिक्षा ठरवताना परिणामाला फार वजन मिळतं. वरच्या नमुन्यात कुणी पडलं नाही म्हणून प्रकरण किरकोळ. तीच चाल, तोच हात, तोच न बघता घेतलेला वळसा, पण मागचा घोडा टाप चुकून कोसळला आणि त्याच्यावर आणखी दोन गाड्या आदळल्या, तर प्रकरण गंभीर. गाडीवानानं दोन्ही वेळा केलं तेच. मधे बदललं ते दुसऱ्याच्या घोड्याचं नशीब. म्हणजे ज्या नशिबाला दारातून बाहेर काढलं ते खिडकीतून आत आलं. याला इथलं उत्तर ठरलेलं आहे: ज्याचं नुकसान झालं त्याला आणि पैसे लावणाऱ्या लोकांना परिणामच दिसतो, त्यांचं समाधान कसं करणार? उत्तर अगदी टाकाऊ नाही. तरीही मला वाटतं, शिक्षेचा पाया हाताच्या चुकीवर असावा आणि परिणामाचं वजन वरून थोडंसं. आपण नव्यानं सुरुवात करणार असू तर आपल्याला हे उलटं करायची संधी आहे: ज्यात कुणी पडलं नाही, ‘थोडक्यात वाचले’ म्हणून सगळे हसले, त्या प्रसंगाचीही चौकशी करा. गाडीवान शिकतो तो तिथंच. कुणी मेल्यावरची चौकशी शिकवण्यासाठी नसते.

दंडाबद्दलही एक खटकतं. मोठ्या, नावाजलेल्या गाडीवानाला दंड म्हणजे खिशातले सुटे पैसे. बंदी त्याला खरी लागते, कारण तेवढ्या दिवसांत चांगले घोडे दुसऱ्याच्या हाताखाली जातात. पण बंदीलासुद्धा आधी कबूल केलेल्या शर्यती आटोपून सुरुवात करायची मुभा बरेचदा मिळते. नवशिक्या पोरासाठी हिशेब उलटा. त्यामुळं माणूस बघून शिक्षेचा प्रकार निवडावा लागतो, आणि तिथं पुन्हा पक्षपाताला जागा होते. यावर सोपं उत्तर मला दिसत नाही. घोड्याचं मत तर कुणीच विचारत नाही. निर्णयात घोडा येतो तो ‘चाल मोडली’, ‘लंगडताना आढळला’ एवढाच.

आता आपल्याकडं येतो. तुम्ही म्हणाल, हे श्रीमंत देशाचे थेर आहेत. इथं परवानगी काढता काढता जीव जातो. मला ठाऊक आहे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींवरही बंदी घातली. २०१७ मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, तरी मैदानं बंदच राहिली. १६ डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं ती दुरुस्ती वैध ठरवली. साडेसात वर्षं कित्येकांच्या दावणीची जातिवंत खोंडं शर्यतीविना म्हातारी झाली. ती बंदी उठवायला ज्यांनी खेटे घातले, मोर्चे काढले, वकील दिले, ते तुमच्यातलेच होते.

म्हणूनच सांगतो. दुरुस्तीनं आणि नियमांनी बैलाची बाजू घेतली: जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, जनावराची तपासणी हवी, चाबूक, काठी, विजेचा झटका नको. ते योग्यच आहे. पण गाडीवानानं गाडी कशी हाकायची, शेजाऱ्याला धोका कधी होतो, झाल्यास कुणी विचारायचं, हे त्या नियमांनी ठरवायचं कामच नव्हतं. ते खेळानं स्वतः ठरवायचं असतं. खेळ ठरवत नाही तेव्हा पोलीस ठरवतात, आणि पोलीस येतात ते माणूस जखमी झाल्यावर किंवा गेल्यावर. मग गुन्हा नोंदला जातो तोही बरेचदा आयोजकांवर. म्हणजे तुमच्यावर.

खेळ आपलं घर सावरत नसेल तर सरकार काय करतं, हेही इथं बघायला मिळालं. न्यूझीलंड सरकारनं डिसेंबर २०२४ मध्ये ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती कायमच्या बंद करायचा निर्णय जाहीर केला. कारण दिलं ते कुत्र्यांना होणाऱ्या दुखापतींचं. त्या खेळालाही नियम होते, चौकशा होत्या. लोकांचं समाधान होईल इतक्या दुखापती कमी झाल्या नाहीत, एवढंच पुरलं. घोडागाडीवाले तेव्हापासून जास्त सावध झालेत असं मला वाटतं. आपण तर एकदा बंदी भोगून आलोय.

तुमचा पहिला आक्षेप मला इथूनही ऐकू येतो: बैल आहे, यंत्र नाही. त्याचं उत्तर वर दिलंच आहे, पुन्हा उगाळत नाही.

दुसरा जास्त खरा आहे. गावात वैर वाढेल. अमक्याच्या पोराला दोषी ठरवलं तर उद्या त्याचा चुलता यात्रेला वर्गणी देणार नाही. पण विचार करा, वैर आज नाही का? आज कुणी काही ठरवत नाही, म्हणून प्रत्येक जण आपापल्या ओट्यावर निकाल लावतो आणि त्या निकालाला मुदत नसते. दोन मैदानं बंदी, असा कागद निघाला की दोन मैदानांनंतर प्रकरण संपतं. चुकलेल्यालाही परत यायला रस्ता असतो. न ठरवलेला आरोप माणसाच्या अंगावरून कधीच उतरत नाही. ‘त्यानं तेव्हा मुद्दाम घातली होती’ हे त्याच्या म्हातारपणापर्यंत ऐकू येतं.

तिसरा आक्षेप सामानाचा. तो तर मी ऐकूनच घेणार नाही. प्रत्येक नावाजलेल्या मैदानावर आज चार-चार कॅमेरे असतात, यूट्यूबवर शर्यत थेट दिसते, निकालाच्या रेषेवर कुणाचं तोंड पुढं हे तुम्ही चित्रण थांबवूनच तर सांगता. पहिल्या बक्षिसाला थार लावणाऱ्या मैदानाला एक टेबल, एक पडदा आणि एक वही परवडत नाही असं कुणी म्हणू नये.

मी मागतोय ते एवढंच. मैदान भरवणाऱ्या कमिटीतला, किंवा ज्याची गाडी त्या दिवशी पळते आहे असा माणूस निवाड्याला बसवू नका. तालुक्याबाहेरचे दोन-तीन जुने गाडीवान बोलवा, ज्यांचा हात आता थांबलाय पण डोळा शाबूत आहे. झेंडापंच आरोप ठेवेल, हे लोक ऐकतील. फायनल झाल्यावर, गुलाल उधळायच्या गडबडीतून अर्धा तास काढून, ज्या गटात गाडी गाडीवर चढली त्याचं चित्रण गाडीवानासमोर लावा आणि त्याला बोलू द्या. तो म्हणतो ते लिहा. मग काय ठरलं आणि का ठरलं ते लिहा. जू तुटून किंवा चाक निखळून गाडी भरकटली असेल तर प्रश्न गाडीवानाला नव्हे, मालकाला विचारा. इथं खराब सरंजाम जुंपून पाठवणाऱ्या ट्रेनरला दंड होतो.

आणि सर्वांत अवघड भाग: ती वही शेजारच्या मैदानानं मानली पाहिजे. साताऱ्यात बंदी असलेला गाडीवान सांगलीत गाडी हाकत असेल तर सगळा खटाटोप फुकट. न्यूझीलंडची बंदी ऑस्ट्रेलियातही मानली जाते, मधे समुद्र असून. तुमच्यामधे फार तर एक घाट आहे. एकमेकांच्या बक्षिसांवर कुरघोडी करण्यात जेवढी चढाओढ चालते तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी समजूत इथं दाखवलीत तरी काम होईल.

गाडीवान मंडळींनाही दोन ओळी. ही चौकशी तुमच्याविरुद्ध आहे असं वाटेल. पण गाडी बाद झाल्यावर मालकाच्या डोळ्यांत जे दिसतं त्यापुढं आज तुम्हाला बोलायला जागा नाही. जोडी कशी ओढत होती, शेजारचा कसा आत आला, हे सांगायला तुम्हाला एक टेबल मिळेल. निर्दोष सुटलात तर तसा कागद मिळेल. ती मागणी खरं तर तुमच्याकडूनच यायला हवी होती.

यंदाच्या हंगामातलं एक मैदान निवडा, एकच. तिथली पहिली सुनावणी चुकतमाकत होईल, होऊ द्या. तिचा कागद निकालाच्या फलकाशेजारी लावा, आणि त्यावर पंचांच्या निर्णयाच्या आधी गाडीवानाचं म्हणणं छापा.

आपला,
खटावचा एक शर्यतशौकीन
मुक्काम क्राइस्टचर्च